जर्मनीतील छोट्या शहरात घर शोधताना

मुंबई आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत. कुशल मनुष्यबळाबाबत महाराष्ट्र व त्या राज्यात २०२४ साली करारही झाला. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांचे प्रश्न त्यामुळे गावोगावच्या शिक्षकांपर्यंत आणि पंचायत सदस्यांपर्यंत येणे स्वाभाविक आहे. नोकरीचा व भाषेचा विचार बहुतेक जण करतात. घराचा विचार मात्र मागे पडतो. वस्तुतः तेथील सारा व्यवहार घरापासूनच सुरू होतो.

टंचाई कशामुळे?

नेकार नदीकाठचे ट्युबिंगेन हे याचे चांगले उदाहरण होय. सुमारे ९० हजार वस्तीच्या या शहरात १४७७ साली स्थापन झालेले विद्यापीठ असून तेथे हजारो विद्यार्थी शिकतात. शहर लहान म्हणून घर सहज मिळेल, हा समज येथे खोटा ठरतो. ऑक्टोबरमध्ये हिवाळी सत्र सुरू होताना ओढाताण अधिकच वाढते. म्हणून शोध काही महिने आधी सुरू करावा. रॉयटलिंगेन, रोटेनबुर्ग अशा रेल्वेने जोडलेल्या जवळच्या गावांचाही विचार करावा.

नोंदणीचे महत्त्व

घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. या नोंदणीनंतर कर-क्रमांक पत्त्यावर येतो. निवास परवान्याचे कामही तिच्यावर अवलंबून असते. तात्पुरती खोली घेतानादेखील असे प्रमाणपत्र मिळेल काय, हे आधीच विचारून घ्यावे.

भाडे व अनामत

जाहिरातीत 'काल्टमीटे' म्हणजे नुसते भाडे आणि 'वार्ममीटे' म्हणजे तापविण्याच्या व इतर खर्चासह भाडे, असे दोन आकडे असतात. वीज बहुधा दोन्हींत धरलेली नसते. अनेक घरांत स्वयंपाकघराचे कपाट व शेगडीही नसते. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूस हक्क आहे. दलालाची फी, ज्याने त्यास काम दिले त्यानेच द्यावयाची, असा नियम २०१५ पासून आहे.

घर न दाखविता, परदेशात असल्याची सबब सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्या व्यक्तीपासून सावध राहावे. कर्ज काढून परदेशी निघालेल्या कुटुंबास असा एक फटका पेलवत नाही. ताबा घेताना भिंती, नळ व मीटरची स्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. घर सोडताना अनामत परत मिळण्यास तो कागद उपयोगी पडतो.

शेजारधर्म

या भागात जिना व घरापुढील वाट झाडण्याची पाळी अनेक इमारतींत आठवड्याने फिरते. तिला 'केअरवोखे' म्हणतात. रात्री दहानंतर शांतता पाळली जाते. हे नियम पाळणाऱ्या भाडेकरूची शिफारस पुढच्या घरमालकाकडे होते.

मार्गदर्शन करणाऱ्यांनी तरुणांच्या कागदपत्रांच्या यादीत नियुक्तिपत्राच्या जोडीला निवासाची सोय हा रकाना अवश्य ठेवावा.