संगणकाला विस्मरण होते तेव्हा

बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात डोकावले, तर कोपऱ्यातील टेबलावर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक हमखास दिसतो. सभासदांच्या देखभाल शुल्काची बिले, थकबाकीच्या नोंदी, वार्षिक ताळेबंद असे सारे काही त्याच्या पोटात असते. घरोघरी असाच एखादा संगणक मुलांच्या लहानपणीची छायाचित्रे सांभाळत उभा असतो. वर्षानुवर्षे निमूटपणे काम करणारे हे यंत्र एके दिवशी विचित्र वागू लागते. काम चालू असताना पडदा अचानक निळा होतो, काल व्यवस्थित उघडलेली फाइल आज 'खराब झाली आहे' असा निरोप येतो आणि पुन्हा सुरू केल्यावर सारे काही सुरळीत चालते. दुरुस्तीसाठी आलेला तंत्रज्ञ बहुधा 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतो. पैसे मोजून विंडोज नव्याने घातले जाते आणि आठवड्याभरात निळा पडदा पुन्हा हजर होतो. अशा वेळी दोष संगणकप्रणालीत नसून संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, असण्याची शक्यता मोठी असते.

गळक्या घागरींची कहाणी

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती. हार्ड डिस्कवरील माहिती प्रथम रॅममध्ये येते, तेथे तिच्यावर प्रक्रिया होते आणि मग ती परत डिस्कवर लिहिली जाते. आजच्या संगणकांत वापरली जाणारी 'डायनॅमिक रॅम' ही आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले. या स्मृतीतील प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. भार असला तर एक, नसला तर शून्य, एवढीच त्याची भाषा.

हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. त्यातील भार सतत झिरपत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक पेशी वाचून पुन्हा भरावी लागते. आठ जीबी रॅममध्ये अशा ६ हजार ८०० कोटींहून अधिक पेशी असतात. त्यांतील एखादीच घागर जरा जास्त गळू लागली आणि पुढच्या भरणीपूर्वीच रिकामी झाली, तर एकाचे शून्य होते. तापमान वाढले की ही गळती वाढते. सकाळी नीट चालणारा संगणक मे महिन्याच्या दुपारी का अडखळतो, याचे एक कारण येथे सापडते.

एका आकड्याची उलथापालथ किती महाग पडू शकते, याचे बोलके उदाहरण बेल्जियममध्ये घडले. तेथील १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या शारबेक येथे एका उमेदवाराला तब्बल ४०९६ मते जास्त मिळाल्याचे आढळले. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका एक अंक उलटला की एवढाच फरक पडतो. तपासणीत कार्यक्रमात चूक सापडली नाही. स्मृतीतील एखादा बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. तेथे आकडा अशक्य कोटीतला होता म्हणून चूक उघड झाली. सोसायटीच्या ताळेबंदात असे घडले, तर ते कोणाच्या ध्यानात येईलच असे नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये अशा चुका ओळखून दुरुस्त करणारी 'ईसीसी' प्रकारची रॅम असते. घरगुती संगणकांत ती सहसा नसते. गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात, वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेल्याचे आढळले. वापराचे दहा ते अठरा महिने उलटल्यावर चुकांचे प्रमाण वाढते, असेही त्यात दिसून आले. जुना संगणक संशयास पात्र ठरतो तो यामुळेच.

लक्षणे कोणती?

रॅमच्या बिघाडाची सर्वांत मोठी खूण म्हणजे अनियमितता. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळा निरोप असतो. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', परवा आणखी काही. एखादा ड्रायव्हर किंवा कार्यक्रम सदोष असेल, तर बहुधा तोच निरोप आणि तेच नाव पुन्हा पुन्हा येते. याखेरीज मोठी झिप फाइल उलगडताना ती खराब असल्याचा निरोप येणे, नवा कार्यक्रम बसवताना दर वेळी वेगळ्या टप्प्यावर अडकणे, ब्राउझर विनाकारण बंद पडणे हीही लक्षणे आहेत. पट्टी ओळखलीच गेली नाही, तर संगणक सुरू करताच बीपचे ठरावीक आवाज येतात आणि पडदा काळाच राहतो. कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

मात्र प्रत्येक दुखण्याचे खापर रॅमवर फोडणेही योग्य नव्हे. निळा पडदा न येता संगणक दिवा विझावा तसा बंद पडत असेल, तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याकडे, पाहावे. फाइल उघडताना यंत्र बराच वेळ घुटमळत असेल किंवा 'टक टक' आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. खेळ किंवा व्हिडिओ सुरू केल्यावर ठरावीक वेळाने संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट तपासावी. मदरबोर्डवरील उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर रॅम बदलून उपयोग होणार नाही. तसेच चार जीबीऐवजी सव्वातीन जीबीच दिसते म्हणून घाबरू नये. ३२ बिट विंडोजची ती मर्यादा आहे, शिवाय मदरबोर्डवरील ग्राफिक्सही रॅमचा काही भाग स्वतःकडे राखून ठेवते.

आधी बॅकअपचा विचार

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. संगणक बिघडला की माणूस प्रथम बॅकअप घ्यायला धावतो. पण डिस्कवरील माहिती पेन ड्राइव्हवर जाते ती रॅममधूनच. रॅम सदोष असेल, तर चांगल्या फाइलची खराब प्रत तयार होऊ शकते. महिन्यापूर्वीच्या निर्दोष बॅकअपवर अशी प्रत चढवली, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून जुन्या बॅकअपला हात लावू नये. नवा घ्यायचाच असेल, तर तो वेगळ्या डिस्कवर घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसऱ्या, सुस्थितीतील संगणकाला जोडावी आणि तेथे प्रत घ्यावी. रॅमचा निकाल लागेपर्यंत फॉरमॅट, विंडोजची पुनर्स्थापना, डीफ्रॅग, डिस्कची दुरुस्ती यांपैकी काहीही करू नये. ही सारी कामे त्याच संशयास्पद स्मृतीतून होतात.

चाचणी कशी घ्यावी?

पहिली चाचणी विनामूल्य आणि घरच्या घरी होण्यासारखी आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे साधन अंगभूत मिळते. स्टार्ट मेन्यूत त्याचे नाव शोधून ते चालवले, की संगणक पुन्हा सुरू होऊन तपासणी चालू होते. त्या वेळी एफ-१ कळ दाबून 'एक्स्टेंडेड' हा सविस्तर प्रकार निवडता येतो. निकाल विंडोज सुरू झाल्यावर दिसतो. तो नजरेतून निसटला, तर इव्हेंट व्ह्यूअरमधील 'सिस्टिम' नोंदींत सापडतो.

अधिक कसून तपासणी करण्यासाठी 'मेमटेस्ट८६+' हा मोफत कार्यक्रम वापरला जातो. मूळ 'मेमटेस्ट८६' क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिला. त्यावरून २००४ मध्ये 'प्लस' ही शाखा निघाली आणि २०२२ मध्ये ती नव्याने लिहिली गेली, त्यामुळे यूईएफआय पद्धतीच्या संगणकांवरही ती चालते. दुसऱ्या, चांगल्या संगणकावर पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून आजारी संगणक सुरू करायचा असतो. हा कार्यक्रम विंडोजविनाच चालतो, त्यामुळे जवळजवळ सर्व रॅम तपासता येते. तो स्मृतीत ठरावीक नक्षीने एक-शून्य भरतो, वाचून पाहतो, मग उलट नक्षी भरून पुन्हा वाचतो. शेजारच्या पेशीत लिहिले असता एखादी पेशी बदलते काय, हेही त्यातून कळते.

चाचणीपूर्वी बायॉसमध्ये रॅमचा वेग मुद्दाम वाढवलेला असेल, तर तो मूळ स्थितीत आणावा. चाचणी निदान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर चालू द्यावी. निकाल वाचण्याचा नियम सोपा आहे. एकही चूक दिसली, तरी रॅमची व्यवस्था नापास. 'दहा कोटींत एकच तर चूक' असा हिशेब येथे लागू पडत नाही. उलट एक फेरी निर्दोष गेली म्हणजे रॅम उत्तम, असेही नव्हे. काही पेशी तापल्यावरच दगा देतात.

दोष पट्टीत की खाचेत?

चाचणीत चूक दिसली म्हणजे पट्टीच खराब, असे लगेच म्हणता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रॅमच्या सोनेरी पट्ट्या आणि मदरबोर्डवरील खाच यांच्यामध्ये धूळ व ओलावा यांचा पातळ थर बसतो आणि संपर्क नीट होत नाही. तळमजल्यावरील घरांत हा अनुभव अधिक येतो. म्हणून पहिला उपाय साफसफाईचा. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी आणि अंगातील स्थितिक वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. दोन्ही टोकांच्या कड्या उघडून पट्टी कडांनी धरून काढावी. दुरुस्ती करणारे अनेकजण सोनेरी संपर्कांवरून खोडरबर फिरवतात. पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि भुकटी खाचेत पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले, धागे न सुटणारे कापड केव्हाही चांगले. पट्टी वाळल्यावर कड्या 'टक' असा आवाज करून बसेपर्यंत दाबावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी.

तरीही चूक येत असेल, तर एका वेळी एकच पट्टी ठेवून तपासणी करावी. समजा, दोन पट्ट्या आणि दोन खाचा आहेत. पहिली पट्टी पहिल्या खाचेत नापास झाली आणि त्याच खाचेत दुसरी उत्तीर्ण झाली, तर पहिल्या पट्टीवर संशय घ्यावा. ती दुसऱ्या खाचेतही नापास झाली, की निदान पक्के. दोन्ही पट्ट्या पहिल्या खाचेत नापास आणि दुसऱ्या खाचेत उत्तीर्ण झाल्या, तर दोष खाचेचा. दोन्ही पट्ट्या दोन्हीकडे नापास झाल्या, तर मदरबोर्ड, वीजपुरवठा किंवा प्रोसेसरमधील स्मृती-नियंत्रक यांच्याकडे वळावे, कारण दोन पट्ट्या एकाच वेळी खराब होणे तसे विरळाच. दोन्ही सुट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असे झाले, तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत असे समजावे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांबाबत असे घडू शकते. प्रत्येक वेळचा निकाल कागदावर लिहून ठेवावा, अन्यथा तिसऱ्या अदलाबदलीनंतर गोंधळ उडतो.

नवी पट्टी घेताना

मदरबोर्डला कोणती रॅम चालते, हे आधी पाहावे. डीडीआर-३ पट्टीला २४० पिना व साधारण १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर-४ ला २८८ पिना व १.२ व्होल्ट. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही आणि जोर लावून बसवूही नये. जुनी पट्टी खिशात घालून दुकानात जाणे हा सर्वांत बिनचूक उपाय. उपनगरातील दुकानात जुन्या प्रकारची रॅम मिळाली नाही, तर ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठावा लागतो. बोरिवली-अंधेरीकरांना धीमी गाडी थेट ग्रँट रोडला नेते. घाटकोपर-मुलुंडकरांना दादरला गाडी बदलावी लागते. वापरलेली पट्टी घेतल्यास परत करण्याची मुदत ठरवून घ्यावी आणि त्याच रात्री चाचणी लावावी. नव्या पट्टीचे पक्के बिल जपावे, रॅमवर उत्पादक बरीच वर्षे हमी देतात.

खर्च करावा का, हा शेवटचा प्रश्न. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात जगभर रॅमच्या किमती वाढल्या. बिले छापणे, पत्रे लिहिणे एवढेच काम असेल आणि लिनक्स वापरण्याची तयारी असेल, तर एक पट्टी बदलून यंत्र आणखी काही वर्षे चालू शकते. दोष मदरबोर्डचा निघाला, तर मात्र खर्च न करणेच शहाणपणाचे. टाकाऊ भाग भंगारवाल्याला न देता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत.

रॅम बदलली म्हणजे काम संपले असे नाही. बिघाडाच्या काळात जतन केलेल्या फाइल एकेक उघडून पाहाव्यात, हिशेबाचे आकडे छापील बिलांशी ताडून घ्यावेत आणि जुना बॅकअप त्यानंतरच नव्याने घ्यावा. नवी पट्टी पुढच्या चुका टाळते, आधी लिहिल्या गेलेल्या चुका मात्र माणसालाच शोधाव्या लागतात.