रोलर ओढणाऱ्याचे ११४ बळी

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात कामगारांचे क्रिकेट सामने सुट्टीच्या दिवशी रंगतात. कोण किती धावा काढतो ते सगळे पाहतात. पहाटे येऊन खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्याकडे, रोलर ओढणाऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथून जवळच, पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात, महिना ४ रुपये पगारावर असाच रोलर ओढणारा एक चर्मकार समाजाचा मुलगा होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा असे. बाळू तासन् तास चेंडू टाकत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे, तो साहेबांचा मान! डाव्या हाताची फिरकी त्या नेट्समध्येच घडली. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. चेंडू एकच, पण चहा वेगळा. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घेत, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. त्यांनी टाकलेला चेंडू कुणाला विटाळ वाटत नव्हता, त्यांचा पेला वाटत होता. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंची गोलंदाजी होती आणि भाऊ शिवरामही खेळला होता.

आम्हाला सांगायचा आहे तो १९११ सालचा हंगाम. त्याच वर्षी कलकत्त्याला मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला फुटबॉलमध्ये हरवले, ते सर्वांना ठाऊक असते. त्याच उन्हाळ्यात हिंदुस्थानचा क्रिकेट संघ विलायतेला गेला होता. कर्णधार पतियाळाचे महाराजा. महाराज बादशहाच्या राज्यारोहणाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत गुंतले, मोजकेच सामने खेळले. संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला, फक्त ६ जिंकला. अशा संघात पस्तिशीतले बाळू, खांदा दुखत असताना, षटकांमागून षटके टाकत राहिले. केंब्रिज विद्यापीठाचे ८ गडी एका डावात बाद केले. लेस्टरशायरला हरवले त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. साऱ्या दौऱ्यात बळी ११४. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामने नाबाद शतक ठोकले. दोघेही एकाच घरचे!

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतःच म्हटले की हा मान बाळूंचा होता. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या भावांनी अन्यायाविरुद्ध उघड भूमिका घेतली. अखेर १९२३ ला धाकटे विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी संघाने स्पर्धाही जिंकली.

इथे आमच्या वाचकांपैकी काही जण विचारतील, बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते ना? होय. पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी मातीच्या भांड्यातून चहा पाजला त्यांनीच बाळूंना बाबासाहेबांसमोर उभे करावे, ही राजकारणाची चाल आम्हाला आजही बोचते. पण याच बाळूंचा तरुण भीमरावांना अभिमान होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात. म्हणून १९३७ च्या मतांवरून १९११ चे बळी पुसू नयेत, असे आम्हाला वाटते.

बाळू १९५५ साली गेले. विठ्ठल यांनी १९४८ साली आपली आत्मकथा मराठीत प्रसिद्ध केली, ‘माझे क्रीडा-जीवन’. जुन्या ग्रंथालयात कुणाला मिळाली तर घरी आणून मुलांना वाचायला द्यावी.