आधी हवाबंद, मग रंग

स्पीकरचं खोकं रंगवायची घाई नको. आधी आतल्या सगळ्या सांध्यांवर फेव्हिकॉलची जाड रेघ ओढून ती बोटाने दाबत न्या. सिलिकॉनही चालतं, पण फक्त आतून. त्यावर रंग धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल, तर वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नका, त्या वाफेने धातू गंजतो. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी हवीच. आता वूफरचा कोन दोन्ही बाजूंनी हलकेच, सारखा दाबून सोडा. सावकाश परत आला तर ठीक. झटकन आला तर हवा कुठूनतरी निसटतेय. (पोर्ट असलेल्या खोक्याला ही परीक्षा लागू नाही.)

रंगात खरी डोकेदुखी एमडीएफच्या कापलेल्या कडांची. त्या रंग पितच राहतात. पाणी घातलेला फेव्हिकॉल किंवा सँडिंग सीलर दोनदा लावा, दरवेळी सुकल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग प्रायमर आणि रंगाचे पातळ हात. चकचकीत काळा झकास दिसतो खरा, पण घासकामातली प्रत्येक हयगय त्यात उघडी पडते. घरच्या कामाला मॅटच बरा.