तान्ह्या बाळाला घेऊन थिएटरात जाता येतं का? नियम काय सांगतात?

बाळ पाच महिन्यांचं झालंय. आई-बाबांनी शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिला, हे दोघांनाही आठवत नाही. आजी गावी गेलीये, शनिवार मोकळा आहे आणि फोनवर तिकीट बुक करायचं बटण समोर आहे. पण अंगठा तिथंच अडतो. बाळाला आत सोडतील का? तिकीट काढावं लागेल का? आणि ते रडलं तर?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षं आणि त्यापुढच्या मुलांना तिकीट लागतं. त्याहून लहान बाळ मांडीवर बसून फुकट सिनेमा बघू शकतं, म्हणजे झोपू शकतं.

पण सिनेमा कोणता आहे, हे आधी बघावं लागतं. सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच नाही. 2024 च्या नव्या नियमांनी ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले, पण तो पालकांना दिलेला सल्ला आहे, दारावरची बंदी नाही. ‘ए’ सिनेमाचं मात्र तसं नाही. कायद्यात प्रौढ म्हणजे 18 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती. त्याहून लहान कुणालाही आत सोडलं तर कारवाई थिएटरवर होऊ शकते. 2023 च्या ‘अ‍ॅनिमल’सारख्या ‘ए’ सिनेमाला बाळ गाढ झोपलेलं असलं, तरी गेटवरून परत पाठवलं जातं. अशा वेळी तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

दुधाची बाटली सिक्युरिटीला काढून द्यायची का?

नाही. आणि यावर थेट सुप्रीम कोर्ट बोललेलं आहे.

जम्मू-काश्मीर हायकोर्टानं 2018 मध्ये थिएटरात बाहेरचे पदार्थ नेण्यावरची बंदी उठवली होती. थिएटरमालक सुप्रीम कोर्टात गेले. 3 जानेवारी 2023 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंहा यांनी मालकांच्या बाजूनं निकाल दिला. हॉल खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं नको असं मालक म्हणू शकतो. कुणी जिलबी खाऊन चिकट बोटं सीटला पुसली तर, असा प्रश्नही सुनावणीत सरन्यायाधीशांनी विचारला होता.

मात्र त्याच सुनावणीत दोन गोष्टी नोंदवल्या गेल्या. थिएटरात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि लहान बाळासाठी लागेल तेवढं खाणं पालकांना नेता येईल. म्हणजे दूध पावडर, थर्मासमधलं गरम पाणी, कुस्करलेलं केळं चालतं. बाळाच्या पिशवीत तुमचा वडापाव मात्र चालत नाही. गेटवर कुणी अडवलं तर हुज्जत न घालता ड्युटी मॅनेजरला बोलवा आणि या निकालाची आठवण करून द्या.

खरी अडचण आवाजाची

सिनेमाचा आवाज मिक्स करताना जी पातळी प्रमाण मानतात, ती प्रत्येक मुख्य चॅनलला साधारण 85 डेसिबल असते आणि त्यातले सर्वात मोठे आवाज 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. सगळी थिएटरं इतक्या जोरात सिनेमा चालवत नाहीत. तरी तुलनेसाठी, अमेरिकेतली ‘नायोश’ ही संस्था कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांसाठी आठ तासांना 85 डेसिबल ही मर्यादा सांगते. बाळाच्या कानाची नळी लहान असते, त्यामुळे तोच आवाज त्याच्या पडद्यावर जास्त जोरात आदळतो.

कानात कापूस कोंबून फारसं काही होत नाही. छोटे इअरप्लगही नकोत, ते बाळ तोंडात घालू शकतं. लहान मुलांसाठी वरून बसणारे इअरमफ मिळतात, ते बरे. पण मारधाडीचा सिनेमा असेल तर तो ओटीटीवर येईपर्यंत थांबलेलं जास्त बरं, हे स्पष्टच सांगायला हवं.

पाजायचं कुठे?

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. बाळाच्या ओढीनं रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्याला दिलंय. मल्टिप्लेक्समध्ये अशी खोली क्वचितच दिसते. 2019 मध्ये तिच्यावरच ‘हिरकणी’ हा मराठी सिनेमा आला. तो बघायला बाळ घेऊन आलेल्या आयांनी पाजायला कुठे जायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

उपाय अवघड नाही. तिरुवनंतपुरमच्या कैरळी-श्री-निला या सरकारी थिएटर संकुलात 2022 मध्ये ‘क्राइंग रूम’ झाली. काचेची, आवाज बाहेर न जाणारी खोली, आत पाळणा आणि डायपर बदलायची सोय. बाळ रडलं तर आई किंवा बाबा तिथं बसून उरलेला सिनेमा बघू शकतात. आपल्याकडेही काही नाट्यगृहांत अशी ‘क्राय रूम’ आहे. ब्रिटनमध्ये पिक्चरहाउस ही थिएटर साखळी एक वर्षाखालच्या बाळांच्या पालकांसाठी ‘बिग स्क्रीम’ नावाचे वेगळे शो लावते. तिथं दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात आणि कुणी मागे वळून डोळे वटारत नाही, कारण प्रत्येकाच्या मांडीवर एक बाळ असतं.

आपल्याकडे तोवर शनिवारची संध्याकाळ सोडून मंगळवार-बुधवारचा सकाळचा शो बघावा. गर्दी कमी, बऱ्याचदा तिकीटही स्वस्त. सीट वाटेच्या कडेची घ्यावी, भिंतीला लागून नको, कारण तिथं स्पीकर असतात. एसीसाठी एक जादा दुपटं लागतंच. डायपर बदलायला इंटरव्हल आहे, ही सोय ब्रिटनमधल्या आई-बाबांना सहसा मिळत नाही. आणि बाळानं सूर लावला की लगेच उठायचं. कुणी उठायचं, ते घरातून निघतानाच ठरवून ठेवा.