मध्यफळीचें बळ

शिरड शहापूरसारख्या गांवीं सायंकाळीं मुलें फुटबॉल खेळूं लागलीं म्हणजे चेंडू जिकडे जाईल तिकडे सर्वांचा घोळका, असें दृश्य दिसतें. तें पाहून घरांतील वडील मंडळींस वाटतें, या धांवपळींत बुद्धीला काम तें काय? शंका वाजवी आहे. परंतु ती घोळक्यास लागू पडते, खेळास नव्हे. मैदानाच्या मध्यभागीं केलेली गर्दी हा विचारपूर्वक रचलेला व्यूह असूं शकतो, हेंच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

गोलरक्षक वगळल्यास दहा गडी उरतात. ते बचाव, मध्य व आघाडी अशा तीन फळ्यांत वांटले जातात. चढाई करावयाची तर पुढें अधिक माणसें हवींत, असा सामान्य समज आहे. तीन-पांच-दोन या रचनेंत मात्र तिघे बचावास, पांच जण मध्यें आणि पुढें अवघे दोघे. मग ही चढाईची रचना कशी? समजा, प्रतिपक्ष चार-चार-दोन असा उभा आहे. मध्यभागीं आपल्या पांचांस त्याचे चारच पडतात. एक गडी सदैव मोकळा राहतो. चेंडू त्याच्याकडे पोंचला कीं त्यास अडविण्यासाठीं प्रतिपक्षाच्या बचावफळींतील एकास जागा सोडावी लागते. ती सुटलेली जागा हेंच चढाईचें द्वार! मागून धांवत येणारा मध्यफळीचा दुसरा गडी तेथून आंत शिरतो. आणि तो आधींपासून तेथें उभा नसल्यामुळें त्याजवर कोणाची नजर नसते.

१९५३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीनें इंग्लंडला वेम्ब्ले येथें ६-३ असें हरविलें, तें अशाच युक्तीनें. हिडेगकुटी हा त्यांचा आघाडीचा मधला गडी मुद्दाम मागें सरके. त्याच्या पाठोपाठ जावें तर मागें खिंडार पडावें, न जावें तर तो मोकळा सुटावा, अशा पेंचांत इंग्लंडचा बचाव सांपडला. त्या दिवशीं हिडेगकुटीनें तीन गोल केले. १९८६ च्या विश्वचषकांत बिलार्डो या मार्गदर्शकानें अर्जेंटिनाच्या मध्यफळींत पांच गडी ठेविले. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यांत बरोबरी झाली असतां सारे मॅराडोनाभोंवतीं गोळा झाले, आणि त्यानें दिलेल्या चेंडूवर विजयाचा गोल केला तो मागून धांवत आलेल्या बुरुचागा या मध्यफळींतील गड्यानें.

या रचनेची किंमतहि मोठी आहे. दोन्ही कडांवरील गड्यांनीं चढाईस पुढें जावयाचें आणि बचावास तितकेंच मागें धांवावयाचें असतें. ते दमले कीं कडा उघड्या पडतात व मागचे तिघे ताणले जातात.

हें दूरदेशींचें झालें. परंतु शिरड शहापूर पूर्वीं ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, त्याच्याच राजधानींत सय्यद अब्दुल रहीम नांवाचे एक शिक्षक हा विचार करीत होते. चेंडू पायांत खेळवीत बसण्यास मनाई असलेले सामने ते मुलांकरितां भरवीत. चेंडू मिळतांच तो सोबत्यास द्यावयाचा. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पांच वर्षें जिंकला. १९५२ च्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव पाहिलेला भारतीय संघ १९५६ सालीं मेलबर्नला चौथा आला, तोहि त्यांच्याच हाताखालीं. तेथें मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळालें, तेव्हां रहीम कर्करोगानें ग्रस्त होते. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.

गोल करणाऱ्याचें नांव वर्तमानपत्रांत छापून येतें. जागा सोडून त्याला वाट करून देणाऱ्याचें क्वचितच येतें. ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात, त्या घराला हें निराळें सांगावयास नको. म्हणून आमची सूचना एवढीच, कीं मुलगा किंवा मुलगी खेळून घरीं आली म्हणजे "गोल किती केलेस?" एवढ्यावरच थांबूं नये, "चेंडू कोणाला दिलास, आणि देऊन मग कोठें धांवलास?" हेंहि विचारावें. या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलेलें मूल उद्यां घोळक्यांत दिसणार नाहीं.