रिकाम्या खोलीचा आवाज

एका वयस्क कारागिराची मुलाखत चित्रित करायची होती. ते आपल्याच घरात बसून बोलणार, वेळ फार तर वीस मिनिटं. तरी सगळं युनिट सकाळी सातला दारात हजर होतं आणि पहिला शॉट लागायला दहा वाजले. ते तीन तास मी कोपऱ्यात बसून पाहिले. आपले डोळे आणि कान दिवसभर गुपचूप केवढी कामं उरकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवात उजेडापासून झाली. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं, छताला पिवळा बल्ब होता. आजोबांचा पांढरा सदरा मला दोन्हींकडे पांढराच दिसत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र एक बाही निळसर, दुसरी नारिंगी! दिवसाच्या उजेडाचं रंग-तापमान साधारण ५६०० केल्विन मानतात, तर चित्रीकरणाच्या तारेच्या दिव्याचं ३२०० (घरातल्या बल्बचं त्याहूनही थोडं कमी). आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. उलटं वाटतं ना? लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवून पाहा. तापताना ते आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. आणखी तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. आपला मेंदू हा फरक क्षणात पुसून टाकतो. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच पांढरा समजतो, म्हणून त्याच्यासमोर कोरा कागद धरून ‘हा पांढरा’ असं शिकवावं लागतं. लाइटदादांनी बल्ब बंद केला आणि आपल्या दिव्यावर निळा जिलेटिन कागद चढवला. सदरा पुन्हा पांढरा झाला.

मग दिव्यांची थरथर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. आपल्याला ती स्थिर दिसते. कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश सेकंद उघडं ठेवलं, तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन ठोके येतात आणि उजेड सारखा राहतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथून कुणी नातेवाइकाने आणलेला, तिथल्याच सेटिंगवर राहिलेला कॅमेरा आपल्या ट्यूबलाइटखाली चालवला की चित्र लुकलुकू लागतं. एवढा सगळा घोळ त्या ठोक्यांच्या हिशेबाचा!

डोळ्याला न दिसणारा काळ कॅमेऱ्याला दिसतो, हे दादासाहेब फाळके यांनी फार आधी ओळखलं होतं. १९१२ मध्ये त्यांनी पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा रोखला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत अंकुर वाढताना दाखवला. तीही शूटिंगची पूर्वतयारीच होती. ती चिमुकली फिल्म भांडवल मिळवण्यासाठी दाखवली गेली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

आजोबांचा मुलगाही बोलणार होता. त्याचा बारीक चौकड्यांचा शर्ट बदलायला सांगितला. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूक्ष्म बिंदूंची जाळी असते. कापडाची नक्षी तितकीच बारीक झाली की दोन जाळ्या एकमेकींत अडकतात आणि शर्टावर इंद्रधनुषी लाटा पळू लागतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून हलवा, तशाच लाटा घरीही दिसतील.

आणि आवाज! पंखा बंद, फ्रिज बंद. साउंड रेकॉर्डिस्टने युनिटच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. निघताना किल्ली शोधावी लागणार, म्हणजे फ्रिज पुन्हा सुरू करायचं विसरणार नाही. ही त्या धंद्यातली जुनी युक्ती मला फार आवडली. क्लॅप कशासाठी देतात तेही तेव्हाच समजलं. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्या यंत्रात. सेकंदाला २५ चौकटी असतील, तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. लाकडाला लाकूड भिडतं ती चौकट आणि ध्वनिपट्टीवरचा तो ‘टक्’ जुळवला, की पुढचा प्रत्येक शब्द ओठांवर बसतो.

मुलाखत छान झाली. सगळे उठणार, तेवढ्यात रेकॉर्डिस्ट म्हणाले, “कुणी हलू नका, रूम टोन घ्यायचाय.” प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. भिंती, पडदे, माणसं, बाहेरचा रस्ता मिळून ती बनते. संकलनात वाक्य कापलं की तिथे ठार पोकळी पडते आणि कानाला ती लगेच टोचते. ती भरायला याच खोलीची शांतता लागते, दुसरीची चालत नाही. सगळे होते तिथेच थांबले. आजोबा डोळे मिटून बसले. अर्धं मिनिट गेलं असेल. लांबवर कुणी बादली भरत होतं, कौलावर कबुतराची नखं वाजली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांचा श्वास मला पहिल्यांदाच ऐकू आला.