उणे वीस अंशांतलं वाळवण

वाळवण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो एप्रिल-मे महिना. गच्चीवर पसरलेली जुनी साडी, तिच्यावर कुरडया नि सांडगे, आणि कावळे हाकलायला बसवलेलं घरातलं सगळ्यांत लहान पोर. ऊन कडकडीत हवं, हा वाळवणाचा पहिला नियम. आता मंगोलियातल्या लोकांना काय म्हणावं? त्यांचं वाळवण सुरू होतं ऐन हिवाळ्यात. आणि ते पापड-कुरडयांचं नसतं, मांसाचं असतं!

मंगोलिया म्हणजे रशिया आणि चीन यांच्या मधला देश. त्याची राजधानी उलानबातर ही जगातली सगळ्यांत थंड राजधानी आहे. जानेवारीतलं तिथलं सरासरी तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. सरासरी बरं का, म्हणजे रात्री त्याहूनही खाली! तिथले पशुपालक 'गेर' नावाच्या गोल तंबूत राहतात. आत लाकडी सांगाडा, वरून लोकरीचा जाडजूड नमदा. त्यांच्याकडे गाई, घोडे, उंट, मेंढ्या, शेळ्या असा सगळा लवाजमा असतो आणि गवत संपलं की तंबू गुंडाळून पुढे निघायचं.

उन्हाळाभर चरून जनावरं चांगली धष्टपुष्ट होतात. पुढे सगळीकडे बर्फ पडणार, चारा मिळेनासा होणार आणि तीच जनावरं रोडावणार. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर काही जनावरं कापतात. पण एका गाईचं मांस एका घराला आठवड्याभरात संपवता येईल का? हिवाळा आहे तोवर ते गोठून टिकेल, पण उन्हाळ्यात काय करायचं? तंबूत फ्रीज कुठून आणायचा? यावरचा उपाय म्हणजे 'बोर्त्स'.

बोर्त्स करायला लागतं मांस, सुरी आणि दोरी. बस्स. मांसाच्या लांबलचक पट्ट्या कापायच्या, साधारण २-३ सेंटिमीटर जाड आणि ५-७ सेंटिमीटर रुंद. त्या छताखाली, सावलीत, वारा खेळेल अशा जागी दोरीवर टांगायच्या. महिनाभरानं या पट्ट्या तपकिरी आणि कडक होतात. इतक्या कडक, की दातांनी तुटायच्या नाहीत. तुकडे करून ठेचाव्या लागतात. ठेचल्यावर त्यांचे धागे सुटे होतात. हे धागे म्हणजे जनावराच्या स्नायूंचे तंतू. ओल्या मांसात ते पाण्यानं फुगलेले असतात, म्हणून एरवी आपल्या लक्षात येत नाहीत. हा सगळा भुगा कापडी पिशवीत भरतात. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, कारण आतला उरलासुरला दमटपणा बाहेर पडायला वाट हवी. एवढं केलं की बोर्त्स महिनोन्‌महिने टिकतं, नीट ठेवलं तर वर्षापेक्षाही जास्त. अख्ख्या गाईचं बोर्त्स तिच्याच पोटाच्या पिशवीत मावतं, असं तिकडे सांगतात.

पण थांबा. उणे २० अंशांत मांसातल्या पाण्याचा तर बर्फ होणार. मग ते वाळतं कसं?

कपाटात ठेवलेली डांबरगोळी आठवा. ती वितळत नाही, तिचं पाणीबिणी होत नाही, तरी रोज थोडी थोडी लहान होत जाते आणि एक दिवस दिसेनाशी होते. घन पदार्थ पातळ न होता थेट हवेत जातो. बर्फालाही हे जमतं! फक्त हवा कोरडी हवी आणि वारा हवा. मंगोलियात दोन्ही भरपूर. अतिथंड हवेत वाफ मावतेच मुळी थोडी, त्यामुळे तिथली हिवाळी हवा कमालीची कोरडी असते. म्हणून पट्ट्यांतला बर्फ हळूहळू वाफ होऊन निघून जातो. शिवाय एवढ्या थंडीत माश्या नसतात आणि मांस नासवणारे जिवाणू जवळजवळ निपचित पडलेले असतात. म्हणजे मांसाला वाळायला निवांत महिना मिळतो. हेच काम दमट उन्हाळ्यात काढलं असतं तर वाळण्याआधीच सगळं कुजलं असतं. मला विचाराल तर बोर्त्समधली खरी हुशारी या मुहूर्तातच आहे.

आता पुढचा प्रश्न. वाळलेलं मांस उन्हाळ्यातही का नासत नाही? तेव्हा तर जिवाणूंना छान ऊब मिळते. पण जिवाणूंना तोंड नसतं. ते अन्न पाण्यात विरघळवून अंगातून आत ओढून घेतात. पाणी नाही, तर समोर मांसाचा डोंगर असूनही उपास! मांसात किती पाणी आहे यापेक्षा किती 'मोकळं' पाणी आहे, हे शास्त्रज्ञ मोजतात. त्यासाठी ० ते १ अशी पट्टी आहे. शुद्ध पाणी म्हणजे १, ताजं मांस ०.९९ च्या आसपास. ०.९१ च्या खाली गेलं की बहुतेक घातक जिवाणूंची वाढ थांबते. बुरशी जरा चिवट, ती त्याच्याही खाली तग धरते. पण ०.६ च्या खाली कुणाचीच डाळ शिजत नाही. मीठ लावतात तेही यासाठीच. मीठ पाण्याला स्वतःशी बांधून ठेवतं, ते मोकळं राहूच देत नाही. मात्र एक लक्षात ठेवा, वाळवल्यानं सगळे जिवाणू मरत नाहीत. काही नुसते झोपतात. म्हणून बोर्त्स पाण्यात टाकलं की ते खळखळ उकळून लगेच सूप करून प्यायचं, भिजवून तसंच ठेवून द्यायचं नाही.

दुकानात मिळणाऱ्या सुक्या मांसाच्या पाकिटावर 'प्रोटीन भरपूर' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. खरं आहे, पण यात जादू काही नाही. गणित करून बघा. एक किलो ताज्या मांसात ७०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आणि साधारण २०० ग्रॅम प्रोटीन असतं. पाणी उडून गेलं आणि ३०० ग्रॅम उरलं असं धरा. प्रोटीन किती? तेच २०० ग्रॅम! आधी पाचवा हिस्सा होता, आता दोन तृतीयांश झाला. प्रोटीन वाढलं नाही, त्याच्या भोवतीचं पाणी गेलं. घोड्यावर सामान लादून शेकडो किलोमीटर जाणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

चरबी मात्र या खेळात नाठाळ. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती वाळून सुधारत नाही. उलट हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन खवट होते. म्हणून वाळवायला मांस निवडतात ते बिनचरबीचं.

मांस वाळवणारे मंगोल एकटे नाहीत. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक लामा या प्राण्याचं मांस रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांत वाळवत आले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या 'बिल्टाँग'ला व्हिनेगर, मीठ आणि चक्क आपले धने लावतात, आणि ते न शिजवता चघळत खातात.

आणि आपल्या महाराष्ट्रात? आहे की! चान्या. मांसाच्या पट्ट्यांना मीठ लावून त्या दोरीवर घालायच्या आणि उन्हात खडखडीत वाळवायच्या. मग निखाऱ्यावर भाजून किंवा तळून खायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. इथे थंडीचं काम ऊन आणि मीठ करतं. गावातली मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम जातीच्या नावाखाली ज्यांच्यावर लादलं गेलं होतं, त्या दलित कुटुंबांत हा पदार्थ घडला. मांस हाती यायचं ते एकदम भरपूर, आणि पुढे कित्येक दिवस काहीच नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं खाणं नोंदवलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक पाककृतींच्या पुस्तकांत चान्या सापडणार नाहीत. का, ते घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा. पाणी काढून जिवाणूंना उपाशी ठेवण्याची विद्या मात्र इथेही तीच, पक्की.

पट्ट्या पातळच का कापायच्या, हे तुम्ही बटाट्यावर करून बघू शकता. घरच्यांना सांगून एक चकती अर्धा सेंटिमीटर जाडीची आणि एक दोन सेंटिमीटरची कापून घ्या. दोन्ही दोऱ्यात ओवून वारा येईल तिथे टांगा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर रोज वजन करून वहीत लिहा. जाडी दुप्पट झाली की वाळायला लागणारा वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट होतो, कारण मधल्या पाण्याला पृष्ठभागापर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो. आपली जाड चकती चौपट जाड, म्हणजे तिला सोळापट वेळ! तेवढ्यात बुरशीनं तिला गाठलं, तर ती फेकून द्या, हात साबणानं धुवा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. मग हाच प्रयोग एकदा पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात करा, आणि वाळणं की बुरशी, शर्यत कोण कधी जिंकतं ते आम्हाला कळवा.